बर्फावर गर्दी करू नये

प्रिय दत्त्या,

रविवारी फोनवर तू म्हणालास, पुरे झाली ती जर्मनी आणि ती पीएच.डी., स्वरालीला मार्चच्या आत मिरजेला परत बोलावतो. मी 'तुझी मुलगी, तू बघ' म्हणून मोकळा झालो. त्यानंतर चार दिवस मला अन्न गोड लागलेलं नाही, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच. पुस्तक अर्धं वाचून परीक्षेला बसायची तुझी कॉलेजपासूनची खोड मला ठाऊक आहे.

आमच्या ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळात एकेक नमुना भरलाय. यंदा जानेवारीत चांगली कडाक्याची थंडी पडली आणि गोठलेल्या तळ्यावर मासे धरायचं खूळ निघालं. गुरुदत्त म्हणून एक महाभाग आहे, गाड्यांचे गिअर बनवतो. त्याने फिनलंडचे तीन व्हिडिओ बघितले आणि झाला तज्ज्ञ. अरे, तिकडे महिनोन् महिने गोठलेलं असतं, इथे आठ दिवस गोठतं आणि नवव्या दिवशी पाऊस! पण सांगतो कोण? पठ्ठ्याने काठाजवळ एक भोक पाडलं, चौदा सेंटिमीटर भरले, आणि जर्मन लोकांसारखं 'आल्झो', म्हणजे 'तर मग', करत फोनवर फॅक्टर ऑफ सेफ्टी काढून दाखवला. शितावरून भाताची परीक्षा भातापुरती ठीक आहे रे, तळ्याला ती लावणारा इंजिनिअर मी पहिल्यांदाच बघितला. आणि स्नेहलता! ती बाई पोहे करायला गॅसची शेगडी घेऊन आली होती. ती मांडणार कुठे, तर बर्फावर!

या सगळ्या गणंगांत परवाना एकट्या तुझ्या लेकीकडे. इथे मासे धरायलाही परीक्षा असते, तीही जर्मनमधून, आणि ती ही पोरगी पहिल्या फटक्यात पास झाली. तळं ज्या फेराइनच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या क्लबच्या, ताब्यात आहे त्यांची परवानगीही तिनेच आणली. पहिला शनिवार तिने रद्द केला, कारण आदल्या दिवशी ऊन पडून बर्फ वरून पांढुरका झाला होता. काळसर, आरपार दिसणारा बर्फ दणकट, दुधाळ बर्फ त्याच्या निम्म्याने कच्चा, हे तिने सगळ्यांना समजावलं. गुरुदत्त आठवडाभर तोंड फुगवून बसला. पुढच्या शनिवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. दर दहा पावलांवर भोक पाडून तिने जाडी मोजली. ओढा येऊन मिळतो तिकडे आणि लव्हाळ्याच्या बाजूला कुणी फिरकायचं नाही, असं बजावून दोरी लावली. एका भोकावर एकच माणूस, दोघांत दहा पावलं अंतर, शेगडी काठावर. गळ्यात तिने मुठीला लावलेले दोन खिळे दोरीने अडकवले होते, पाण्यात पडलंच तर बर्फात रुतवून वर यायला. मी त्याला मंगळसूत्र म्हणालो. सगळे खिदळले. असले विनोद करायला मी नेहमी पुढे.

मासा कसा धरायचा तेही तिनेच शिकवलं. शिशाचं इवलंसं आमिष तळापर्यंत सोडायचं, वीतभर उचलायचं, दोनदा हलवायचं आणि मग गप्प बसायचं. आता आपली माणसं आणि गप्प! एकाला फोन आला, दुसऱ्याला पोह्यांत लिंबू कमी पडलं. दोन तास कुणाला काही लागलं नाही. साडेअकराच्या सुमाराला मात्र एकाच्या गळाला हातभर बार्श लागला. हिरवा, पट्ट्यापट्ट्यांचा, फारच देखणा मासा. आणि हाक गेली, या रे सगळे, फोटो काढू! झालं. दहा पावलांचं अंतर गेलं चुलीत. अकरा माणसं एका भोकाभोवती खांद्याला खांदा लावून उभी राहिली, वर एकजण सेल्फीसाठी आणखी आत या म्हणतोय!

स्वराली ओरडत धावत आली. एकेकाला धरून मागे ढकलू लागली. तोवर बर्फ खाली बसला, भोकातून पाणी वर आलं, आणि मग सगळे शूरवीर काठाकडे पळाले. स्नेहलता जागच्या जागी खिळली होती, तिला ढकलून दिलं आणि पोरगी स्वतः आत गेली, गळ्यापर्यंत. त्या खिळ्यांनी ती एकटी वर आली रे. पोटावर सरपटत, लोळत. आम्ही काठावर उभे होतो. तिनेच काठावर आणून ठेवलेली जादा दोरी समोर होती, ती फेकायचं एकालाही सुचलं नाही.

दोन दिवस दवाखान्यात होती, आता ठणठणीत आहे. बोटांचा बधिरपणा जातोय. मंडळाच्या ग्रुपवर मात्र ठराव झालाय, की हिचाच उत्साह, हिनेच नेलं. ती एका शब्दाने उत्तर देत नाही. आणि तू, शिकलासवरलेला माणूस, मला 'मुलीची जात' म्हणून ऐकवतोस? लाज वाटायला हवी होती तुला.

पण तुला लाज काढणारा मी कोण? मासा माझ्या गळाला लागला होता, दत्त्या. हाक मी मारली. सेल्फीसाठी आत या म्हणणाराही मीच. सकाळी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, वासूकाका, काही झालं तरी माणसं एका जागी बोलावू नका, ते तुमचं ऐकतात. आणि त्या रात्री तुला फोन करून पोरगी कुणाचं ऐकत नाही म्हणून सांगणाराही मीच. बाकीच्यांना काय नावं ठेवू? माझ्याइतका हलकट त्या तळ्यावर दुसरा नव्हता. दवाखान्यात मी तिला म्हणालो, बाबांना खरं सांगू नकोस, तीस वर्षांची दोस्ती आहे. ती 'बरं काका' म्हणाली. आता तू परत ये म्हणशील, आणि ती तसंच 'बरं बाबा' म्हणेल. तेवढं होऊ देऊ नकोस.

म्हणवून घ्यायची लायकी उरली असेल तर तुझाच,
वासुदेव