बाबांना ऊन लागलंय

प्रविण,
कंपनीत तुझा फोन बंद असतो, म्हणून लिहून ठेवते. दुपारी बाबा मिठागरात चक्कर येऊन पडले. घाबरू नको. पेणला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, आता बोलतायत. संध्याकाळी घरी सोडतील. मी कपडे न्यायला घरी आले, आता परत त्यांच्याजवळ जाते. तू रोह्यावरून उन्हातनं आला असशील, आधी पाणी पी. माठाशेजारी कोकम ठेवलंय. मग बाबांची खाट पडवीत वाऱ्याला काढ.

डॉक्टर म्हणाले, "अकरानंतर मिठागरात जायचं नाय." मी बाबांना तेच सांगितलं, तर म्हणाले, "प्रविणला सांगू दे गो, मग ऐकतो."

शिमग्यापासून तुम्ही दोघं बोलला नाय. आज तूच पहिला बोल.

दिपिकाताई