होडीच्या इंजिनाची जीप

मालवण,
१० डिसेंबर २००७

तीर्थस्वरूप किरणदादास,

धाकट्या गुरुदासचा साष्टांग नमस्कार. इकडे आईसह आम्ही सगळे आहोत. (बरे आहोत असे लिहिणार होतो, पण पुढचे वाचून ते तूच ठरव.) बहारीनला आता थंडी पडली असेल, कान बांधून फिरत जा, बाबांसारखी तुलाही सर्दी बाधते. फोन सोडून पत्र कशाला, असे तू म्हणशील. फोन माजघरात आहे आणि आई त्याच्या शेजारीच पडून असते, म्हणून पत्र.

तुझ्या मालकाने मोठी हायब्रीड गाडी घेतली, तिला एक इंजिन पेट्रोलचे आणि दुसरे विजेचे, हे तू फार कौतुकाने सांगितलेस. दादा, हायब्रीड गाडी आपल्या दारात गेले दीड वर्ष उभी आहे. (उभीच जास्त.) बाबा गेले, होडी वाळूवर ओढून ठेवली ती तिथेच फुटली, त्याच पावसात आपल्या प्रवासी वाहायच्या जीपचे इंजिन बसले, आणि 'लोखंड कुजवण्यापेक्षा होडीचे इंजिन जीपला घाल' ही अक्कल तूच दिलीस. आपला बाळा मिस्त्री होड्यांच्या इंजिनात हुशार, पण रस्त्यावरच्या गाडीला त्याने पहिल्यांदाच हात लावला. इंजिन जागेत मावेना म्हणून त्याने ब्रेकची नळी वाकवून बाजूला केली. मी विचारले तर म्हणतो, "दर्यात ब्रेक कोण मारता? इंजिन बंद कर, आपोआप रवतली." ती राहिली खरी, पण सुगंधाकाकीच्या कुंपणात. तेव्हापासून काकी आपल्याशी बोलत नाहीत. (हा या गाडीचा एकमेव फायदा.)

पुढे पाण्याची तऱ्हा. हे इंजिन जन्मभर खाऱ्या पाण्यावर थंड झालेले, रस्त्यावर दर्या कुठून आणायचा? म्हणून टपावर पिंप बसवले. धामापूरच्या चढावर ते रिकामे होते आणि बॉनेटमधून वाफ निघते. मग भगवतीच्या दर्शनाला निघालेले प्रवासी तळ्यावरून बादल्या भरून आणतात, आणि पायी आलेली माणसे आमच्या आधी दर्शन घेऊन परतताना भेटतात. नारळी पुनवेला तर कहरच झाला. या इंजिनाची पूजा आजवर दर्यावरच झाली, यंदाही तिथेच होणार, असे आईने सांगितले. गाडी वाळूत नेली, हळदकुंकू वाहिले, नारळ दर्यात सोडला, आणि चाके रुतली. भरती चढू लागली. शेवटी सगळ्या वाडीने दोर लावून, होडी ओढतात तशी गाडी वर ओढली. पुढच्या दिव्यात अजून एक कुर्ली राहते, खेकड्याच्या नांग्या काचेतून दिसतात.

त्यात मासळीचा वास. कट्टा गावची माणसे नाकाला रुमाल लावून बसतात, परवा एका मास्तरणीने तर अर्ध्या वाटेत उतरून एसटी धरली. आणि आवाज असा, की मी लांब तिठ्यावर असलो तरी घरी कळते. तू कट्ट्याच्या सुशांत भंगारवाल्याला शब्द दिलास ते ठीकच झाले. येत्या महिन्यात तो गाडी नेणार, इंजिन फोडणार, आणि माझ्या पाठीमागची शिक्षा संपणार.

तुझा,
गुरुदास

ता. क. दादा, सुशांतला नको म्हणून कळव. शब्द तू दिला आहेस, तो माझे ऐकणार नाही.

बाबा गेल्यापासून आई उठत नाही हे तुला फोनवर कधी सांगितले नाही. एरवी जेवण समोर ठेवले तर भिंतीकडे तोंड करते. वाडीतल्या बायकांना आपापल्या होडीचा आवाज लांबून कळतो, तुला ठाऊकच आहे. इंजिन जीपला लावून पहिल्यांदा घरी आलो, तर आई मासळीची पाटी घेऊन दारात उभी. मला म्हणाली, "काय गावला?" माझे हात रिकामे. ते बघून ती आत जाऊन पडली. दुसऱ्या दिवसापासून मी बाजारातून बांगडे घेऊन येतो. गाडीतला वास त्यांचाच. ती पाटीत मोजून घेते, कालवण करते, आणि माझ्यासोबत जेवते. ते बाजारातले, बर्फातले असतात, हे तिला कळत नसेल असे मला वाटत नाही. पण ती विचारते आणि मी 'बांगडे' म्हणून सांगतो.

मध्ये बाळाने सायलेन्सर बसवला होता. त्या संध्याकाळी आई उठली नाही. तो मीच काढून फेकला. मला हे इंजिन फुटलेले बघवणार नाही रे.

ता. क. (दुसरी) आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरली की रजा टाक आणि ये. विमानतळापर्यंत ही गाडी येणार नाही, तेव्हा कुडाळपर्यंत तू तुझा ये; तिथून मी आणतो. धामापूरच्या चढावर बादली तू भरायचीस. घरी पोचलो की आई पाटी घेऊन बाहेर येईल आणि विचारील, "काय गावला?" त्या दिवशी मी बांगडे आणणार नाही, तिचा मुलगा आणणार. तू खाली उतर आणि सांग, "तुझो थोरलो झील."