बांधावरचं हाड

१४ नोव्हेंबर १९६६, सोमवार

संयोजी ऊती आज संपवल्या. छान झाला तास! उंदराच्या कातडीखालचा तो पातळ पापुद्रा काचेवर ताणून लावला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पिंजलेल्या कापसासारखे तंतू, आणि त्यांच्यात इकडेतिकडे पसरलेल्या पेशी. पोरांना आधी काहीच दिसेना. "मॅडम, यहाँ तो कुछ नहीं है!" म्हटलं, आहे, नीट पाहा. मग एकाला दिसलं आणि सगळा वर्ग टेबलावर तुटून पडला.

उद्या कास्थी, नाकाकानात असते ती लवचीक ऊती. मग हाड. हाड शिकवायला मला सगळ्यात आवडतं. लोकांना वाटतं हाड म्हणजे दगड. अरे, जिवंत असतं ते! आत रक्त खेळतं, पेशी राहतात, जुनं काढून नवं बांधत असतात.

पाहुण्यांनी विचारलं तर आई आपली "सायन्स शिकवते" एवढंच सांगते. उंदीर, बेडूक, हाडं — एक शब्द काढत नाही.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी गुणाकरकाका आले होते. बाबा कोर्टात होते तेव्हापासूनचे स्नेही. बाबा गेल्यावरही येणं सोडलं नाही. पण आज चहासाठी नव्हते आले.

परसवाड्याकडच्या एका गावातली केस वकील म्हणून त्यांच्याकडे आली आहे. तेजराम नावाचा तरुण शेतकरी. त्याची बायको माणिक दसऱ्यापासून नाहीशी झाली आहे. तो म्हणतो, माहेरी जाते म्हणून गेली. माहेरचे म्हणतात, आलीच नाही. मग त्याच्या धानाच्या बांधावर राखेत जळक्या हाडांचे तुकडे सापडले. पोलिसांनी त्याला खुनाच्या संशयावरून धरलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं — तुकडे इतके लहान आहेत की माणसाचे की जनावराचे, नजरेनं सांगता येत नाही. मोठ्या प्रयोगशाळेचं उत्तर कधी येईल, देव जाणे.

"आशा, तुला सांगता येईल?"

मी म्हणाले, "हौ."

एकदम निघून गेलं तोंडातून! पण खोटं नाही. येईलच.

१८ नोव्हेंबर

प्रिन्सिपलसाहेब हादरले. "कोर्ट-कचेरी? आप लेडी हैं, मिस!" मी म्हटलं, सर, सूक्ष्मदर्शकाला ते कळत नाही. हसले नाहीत. वरून मी कपाटातल्या सांगाड्याच्या मांडीच्या हाडाचा तुकडा मागितला, ताडून पाहायला. सरकारी सामान! कापायचं! शेवटी "अपनी जिम्मेदारी पर" म्हणून परवानगी दिली. माझी जबाबदारी तर माझी. एवढी भीती कशाची?

१९ नोव्हेंबर, शनिवार

कॉलेजच्या फाटकाशी एक म्हातारी बसलेली. गोदाबाई — तेजरामची आई. गुणाकरकाकांनी माझं नाव सांगितलं म्हणे. मला पाहून उठली, पाय धरायला वाकली. मी हात धरला. काड्यांसारखा हात.

"बाई, माह्या पोरानं काही नाई केलं. काहून कोणी आयकत नाई माह्यं?"

मी म्हटलं, मी ऐकते. आणि मी नाही, तुकडाच सांगेल. तिला काय कळलं कोण जाणे, पण तोंडाला पदर लावून रडली. दिवसभर तिथंच बसून होती. डबा दिला, तो खाल्ला नाही.

२१ नोव्हेंबर

गावाबाहेर, मेलेली ढोरं टाकतात तिकडे जाऊन आले. लॅबमधला पुनाराम नाक दाबून मागे मागे. बैलाचं एक हाड, म्हशीचं एक, बकरीचं एक. पुनाराम म्हणे, "मॅडम, लोग क्या कहेंगे?" काय म्हणतील? म्हणतील, बाई हाडं वेचते. वेचतेच आहे!

आईनं घरात घेतलं नाही. मागच्या दारी पाणी ठेवलं होतं, आंघोळ करूनच आत. "नागपूरला यासाठी शिकवलं तुले?" म्हटलं, हौ, यासाठीच.

२३ नोव्हेंबर

कोर्टाच्या हुकुमानं तुकडे आले. सोबत हवालदार. तो स्टुलावर बसून माझ्याकडे असा पाहत होता की मी हाड गिळीनच.

काम चिकाटीचं आहे. करवतीनं पातळ चकती कापायची, मग धार लावायच्या दगडावर पाण्यासोबत घासत बसायचं. कागदाहून पातळ व्हायला पाहिजे, छापलेलं अक्षर आरपार दिसलं पाहिजे. जळकं हाड ठिसूळ, जरा जोर दिला की भुगा. पहिल्या दोन चकत्या गेल्या. हवालदार चुकचुकला. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

बोटांची सालं गेली आहेत. लेखणी धरवत नाही. पुरे.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

दिसलं!

आधी सांगाड्याचा तुकडा लावला — माणसाचा. गोल गोल वलयं, झाडाच्या बुंध्यातल्या कड्यांसारखी, प्रत्येकाच्या मधोमध रक्तवाहिनीची नळी. वलयांमध्ये काळ्या मुंग्यांसारखी बिळं. हाडाच्या पेशी जिवंतपणी त्यांच्यात बसलेल्या असतात, बारीक पाय एकमेकींना लावून. पुस्तकात असतं तस्सं.

मग बैल. तिथं वलयं कमी, पण थरावर थर, थरावर थर — मध्ये आडव्या-उभ्या नळ्या. विटांची भिंतच. मोठी जनावरं भराभर वाढतात, त्यांना हाडही भराभर रचावं लागतं. मोठ्या माणसाच्या मांडीत, दंडात अशी भिंत नसते.

मग बांधावरचा तुकडा. आडवे थर. विटा. पुन्हा पाहिलं. दुसरा तुकडा — विटा. तिसरा, चौथा, तेच! सगळे घासले तेव्हाच थांबले.

ढोराचं हाड आहे ते. बैल की म्हैस, ते मी सांगत नाही, कारण तेवढं मला येत नाही. पण माणिकचं नाही. माणसाचंच नाही!

हवालदाराला दाखवलं. एक डोळा मिटायचा तर दोन्ही मिटून बसला.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

कोर्ट. हे सगळं लिहून ठेवायचंच आहे.

मी सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन सायकलरिक्षातून गेले. खोली माणसांनी भरलेली. बाई साक्षीला उभी राहणार म्हणून अर्धे तर तेवढ्यासाठीच आलेले. तेजराम एका बाजूला उभा — उंच, खांदे पडलेले, दाढी वाढलेली. गोदाबाई दाराशी जमिनीवर.

सरकारी वकील उठले. "आप डॉक्टर हैं?"

"जी नहीं."

"फिर इन्सान की हड्डी आप क्या जानें?"

"डॉक्टर हड्डी जोड़ते हैं, साहब. मैं हड्डी के भीतर देखती हूँ. पढ़ाती भी यही हूँ."

कोणीतरी हसलं. वकील म्हणाले, या काचेत हे बाईंना दिसतं, आम्हाला कसं कळावं? मी म्हणाले, मग साहेबांनी स्वतः पाहावं. मला काही सांगू देऊ नका, नुसतं पाहावं.

मॅजिस्ट्रेटसाहेब खरंच खाली उतरले. खिडकीच्या उजेडात आरसा वळवून दिला. आधी माणसाच्या हाडाची काच पाहिली, मग बैलाची, मग बांधावरची.

"पहिलीत गोल गोल आहे," ते हिंदीत म्हणाले. "या दोन्हींत… ईंट की दीवार जैसा कुछ है."

मी विटांचं नावही काढलं नव्हतं!

सरकारी वकिलांनी विचारलं, बाईंनी गावाबाहेरून ढोरांची हाडं गोळा केली, त्यातलीच एखादी चुकून बदलली नसेल कशावरून? हवालदार उभा राहिला आणि म्हणाला, मैं बैठा था, साहब. मॅडम ने पानी तक नहीं पिया. भला माणूस!

त्या हाडांशिवाय पोलिसांजवळ काहीच नव्हतं. गावातल्या दोघांनी सांगितलं की बांधाशी पूर्वी एक बैल मेला होता, तण जाळताना हाडं जळाली असतील. दुपारी तेजरामला सोडलं.

बाहेर तो माझ्या पायाशी आला. म्हटलं, उठा. गोदाबाईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

"आता काय करणार?" मी तेजरामला विचारलं.

"आता तिले शोधतोच, बाई. कुठीबी असो."

बदनामी झाली, कोठडी भोगली, आणि मनात तीच. बायकोवर जीव आहे याचा. रिक्षात बसले तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

३० नोव्हेंबर

प्रिन्सिपलसाहेबांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर अभिनंदन केलं. सांगाड्याचं मांडीचं हाड आखूड झालं, त्याबद्दल अवाक्षर नाही.

पोरं आज मागच्या बाकापर्यंत गच्च. हाडाचा तास घेतला. एकही म्हणाला नाही की कुछ नहीं है.

४ डिसेंबर, रविवार

बाजारात भाजीवाली पैसेच घेईना. "तुम्हीच ना त्या हड्डीवाल्या बाई?" आई शेजारी उभी. वाटलं, आता मेले! तर आई म्हणते कशी — "हौ, माझीच मुलगी. हाडांचंच शिकवते ती."

हाडांचंच शिकवते!

गुणाकरकाका म्हणाले, पीएच.डी. कर. जनावरागणिक हाड कसं बदलतं, यावर. करीन. नागपूरला सरांना लिहायचं ठरवलंय. मला येतं हे. गर्व म्हणा, काही म्हणा — येतं.

९ डिसेंबर

गोदाबाई तांदूळ घेऊन आली होती, रामपायलीच्या देवळात जाऊन आली म्हणे. तेजराम घरी नसतो. रोज निघतो, गोंदियाकडे, वाराशिवनीकडे, गाड्यांवर, मिलांवर विचारत फिरतो. "सापडली म्हणजे सुटलो," म्हणाली. मी म्हटलं, सापडेल.

१२ डिसेंबर, सोमवार

दुपारी घरी एक बाई आली. डोक्यावरून पदर, तोंड अर्धं झाकलेलं. धानाच्या मिलमधला कोंडा अंगावर.

"मी माणिक."

मी आनंदानं ओरडणार होते. तिनं माझा हात धरून स्वतःच्या मनगटाच्या वर ठेवला. कातडीखाली गाठ. तुटलेलं हाड कोणी सरळ न बांधता आपोआप जुळलं, की नवं हाड असं वेडंवाकडं चढतं. त्याच्या थोडं वर आणखी एक गाठ. ती जुनी.

"तो आत होता तवा मले झोप लागे, बाई. तुम्ही काहून सोडवलं त्याले?"

मी तिला आतल्या खोलीत नेलं.

आईला सांगितलं, पुढच्या दाराला कडी घाल, कोणी विचारलं तर घरात आपण दोघीच. माणिक आतल्या खोलीत जेवते आहे. उद्या सकाळी गुणाकरकाकांकडे जाते. ती इथून जाणार नाही.