पेटीतली नवीकोरी पुस्तकं

बाई, आज तुमच्यावर रागावून लिहायला बसले आहे. तुम्ही होता तोवर तुमच्यापुढे कधी मान वर करून बोलले नाही, आणि तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाल्यावर हे धाडस करते आहे, तेव्हा माझं धाडस किती ते तुम्हीच ओळखा. पण मले फसवल्यासारखं वाटून राह्यलं. असं लिहिलं की तुम्ही लाल शाईनं खाली रेघ मारायच्या, शाळेत शाळेची भाषा म्हणून. मारा रेघ. रागात मला आईचीच भाषा येते.

तुमच्या पुस्तकांच्या पेटीबद्दल बोलायचं आहे. शनिवारची सकाळची शाळा, परिपाठ झालेला, आणि आम्ही तिघीचौघी मिळून ती हिरवी लोखंडी पेटी व्हरांड्यात आणतो आहोत. ओढायची नाही, उचलायची, असं तुम्ही आतून बजावता. मग सगळे हापशीवर. हात धुवायचे, फ्रॉकला पुसायचे नाहीत, वाऱ्यावर वाळवायचे आणि रांगेनं येऊन तुम्हाला दाखवायचे, आधी उताणे, मग पालथे. तुम्ही मान हलवली की पुस्तक मिळणार. ते फडक्यावर ठेवून मांडी घालून वाचायचं, पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं, बोटाला थुंकी लावायची नाही, आणि घरी न्यायचं तर नावच काढायचं नाही. आर्वीपासून पार गिरडपर्यंत मी पुढे कितीतरी शाळा पाहिल्या, असं कुठेच नव्हतं. आम्हाला त्याचा केवढा तोरा होता.

चौथीत असताना मी एक पुस्तक फ्रॉकच्या आत लपवून घरी नेलं. गोष्ट अर्धी राहिली होती आणि पुढच्या शनिवारपर्यंत धीर निघत नव्हता. पोळ्याचा आदला दिवस होता. आई चुलीपाशी करंज्या तळून राह्यली होती, मी तिच्या बाजूला पाटावर. ती म्हणाली, "जरा मोठ्यानं वाच वं, मलेबी आयकू दे." मी वाचू लागले. आईला अक्षर येत नव्हतं, पण चित्र आलं की ती झारा ठेवून वाकून बघायची. एका पानावर गाय होती. "आपल्या कपिलीवानी हाय थे," म्हणून तिनं गायीवर बोट ठेवलं आणि पानावर तेलाचा ठसा उमटला. मी इतकी घाबरले की तिच्यावर ओरडले. ती पदरानं पान पुसायला लागली आणि डाग आणखी पसरला.

शनिवारी तुम्हाला तो दिसलाच. तुम्ही मला सगळ्यांपुढे उभं केलं. मारलं नाही, तुम्ही कधीच कोणाला मारलं नाही. एवढंच म्हणालात, "ज्या हातांना पुस्तकाची कदर नाही, त्या हातांत पुस्तक द्यायचं नाही." दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दर शनिवारी मी त्या व्हरांड्यात रिकाम्या हातांनी बसून राहिले. ते बोट आईचं होतं हे मी सांगितलं नाही. तुमचं बरोबर आहे असंच मला वाटलं, खरंच वाटलं. मात्र त्यानंतर मी आईला कधी काही वाचून दाखवलं नाही. ती म्हणायची, वाच न वं, आणि मी म्हणायची, अभ्यास आहे.

पुढे मी आपल्याच शाळेत शिक्षिका होऊन आले. तुमचं रिटायरमेंट जवळ आलं होतं. एकदा डबा खाताना तुम्ही तुमच्या वडलांचं सांगितलं. त्यांना वर्गाच्या दाराबाहेर बसवायचे. पुस्तक लांबून दाखवायचे, हात लावू द्यायचे नाहीत. पुढे चळवळीच्या दिवसांत धम्म घेतल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर वर्ध्याहून एक पुस्तक विकत आणलं आणि आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते हातात धरलं. तुम्ही तेव्हा दहा वर्षांच्या होता आणि बाजूला उभ्या होता. हे ऐकून मी हातातला घास डब्यात परत ठेवला. त्या हापशीचा, त्या फडक्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला, आणि निरोपसमारंभाला तुम्ही पेटीची किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा मी मनात ठरवलं की ह्यात रतीभर फरक पडू द्यायचा नाही.

पडू दिला नाही, बाई. वीस वर्षं. शाळेत पाहुणे आले की मी पेटी उघडून दाखवायची. बघा, एका पानाला दुमड नाही. पाहुणे म्हणायचे, वा. इतकी वर्षं मुलं वाचतात आणि पुस्तकं नवीकोरी कशी, हे एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही.

ह्या वर्षी एका संस्थेनं आठ टॅब पाठवले. पाटीएवढी काच, आत शेकडो गोष्टी, बोट लावलं की पान उलटतं. महिनाभर मुलांनी ते वापरले. मग केंद्रप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे कुलपाचं कपाट एकच, आणि त्यात ही पेटी. पोरांनाच विचारा. त्यांना टॅब पाहिजे असतील तर टॅब कायमचे ठेवू, पेटी तालुक्याच्या गोदामात जमा करू. पुस्तकं पाहिजे असतील तर टॅब दुसऱ्या शाळेला." त्या गोदामात गेलेलं काही परत आलेलं मी पाहिलं नाही. तरी मी निश्चिंत होते. वीस वर्षांचे शनिवार माझ्या बाजूनं होते.

व्हरांड्यात एका अंगाला पेटी उघडून ठेवली, दुसऱ्या अंगाला टॅब, आणि म्हटलं, जिथं वाटेल तिथं बसा. एकोणीस लेकरं. सतरा टॅबवर तुटून पडली, एकाच्या पाठीवर दुसरं, कोणी पालथं झोपून, कोणी चिवडा खात. दोन मुली पेटीपाशी बसल्या, त्याही मी बघत होते म्हणून. माझं डोकंच फिरलं. ज्यांच्यासाठी मी ही पुस्तकं जिवापाड जपली, ती एका महिन्यात पाठ फिरवून मोकळी. त्या दोघींतली एक तिसरीत आहे, जरा धीट आहे. तिला मी बाजूला घेऊन विचारलं, "तुला काय आवडतं ते खरं सांग, मी रागावणार नाही."

ती म्हणाली, "मले पुस्तकच आवडते मॅडम. त्यातलं चित्र मोठं रायते. पन भेव लागते. थे तुमचं हाय. टॅबवर बोट लागलं त पुसून टाकता येते." मग म्हणाली, "टॅबवरची गोष्ट आमी आजीलेबी दाखवली, मधल्या सुट्टीत शाळेत आली होती त. तिनं सोताच्या बोटानं पान पलटवलं."

तेव्हापासून तुमच्याशी भांडते आहे. ज्यांच्या वडलांना पुस्तक लांबून दाखवलं, त्यांनीच ते आम्हाला लांबून दाखवावं? हातात दिलंत खरं, पण भीती घालून दिलंत. तुमच्या वडलांनी त्या दिवशी आंघोळ केली ती आनंदानं केली असेल, बाई. तुम्ही त्याचा नियम केला, मी त्या नियमाला कुलूप लावलं, आणि आम्ही दोघींनी त्याला संस्कार म्हटलं. माझी आई गेली. चुलीपाशी बसून मी तिला निदान शंभर गोष्टी वाचून दाखवल्या असत्या. त्या तुम्ही माझ्याकडून काढून घेतल्या, आणि वर मी आयुष्यभर तुमच्या पाया पडत राहिले. ह्याचा मला राग येतो, आणि तो कुठं नेऊन ठेवू ते कळत नाही. हे पत्र टाकायलाही पेटी नाही, वहीतच राहील ते.

एक मात्र सांगून टाकते, दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. इतकं सगळं कळल्यावर, त्याच दुपारी, मी केंद्रप्रमुखांना द्यायचा कागद भरला. 'विद्यार्थ्यांची पसंती' ह्यापुढे लिहिलं, छापील पुस्तके. पेटी गोदामात जाताना मला बघवली नसती. मंगळवारी गाडी आली आणि आठही टॅब घेऊन गेली. लेकरं फाटकाशी उभी होती. ती तिसरीतली माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, मंग आमाले इचारलं काऊन?"

मी म्हटलं, "वरून आदेश आला बेटा." वरून काहीच आलं नव्हतं, बाई.