पहिला हात

प्रिय बाळासो,

दौंडच्या रेल्वे मैदानावर गुडघे फोडून घेतलेल्या आपल्या सगळ्यांची एक जुनी तक्रार आहे. माझ्या तोंडून ती तू इतक्यांदा ऐकली आहेस की तुला पाठ असेल. पोरं आम्ही घडवायची आणि मोठ्या शहरांनी ती उचलून न्यायची. मैदानावरचे खडे आम्ही वेचायचे, फाटलेले बूट आम्ही शिवून आणायचे, आणि पोरगं जरा चमकायला लागलं की कुणीतरी परका येऊन त्याच्या खांद्यावर हात टाकणार. पुढे पेपरात त्याचं नाव छापून येतं, गावाचं येत नाही. ही तक्रार खरी आहे. ती मागे घ्यायला मी हे पत्र लिहीत नाही.

तू शिरूरला गेल्यापासून क्लबातलं तुला कुणी कळवतं की नाही, ठाऊक नाही. आपला जंक्शन क्लब अकरा वर्षं जिल्हा लीगच्या तळाच्या गटात कुजत पडला होता. यंदा आपण पहिल्या नंबरावर आहोत. पाच सामने उरलेत आणि वरचा गट हाताच्या अंतरावर आहे. हे झालं एका पोरामुळे. बिरदेव त्याचं नाव. राहू गावचा, नुकताच अठरा पूर्ण झालेला, इथं त्याच्या म्हाळसामावशीकडे राहून आयटीआय करतो. धनगराचा पोर म्हटल्यावर आपली मंडळी लगेच सांगतात की मेंढरांमागे पळून पाय तयार झालेत. थापा आहेत सगळ्या! त्याच्या आजोबांनीच मेंढरं विकली; बापाचा ऊस आहे आणि पोरगा ट्रॅक्टरवर बसून मोठा झालाय. ते पाय कुठून आले, मला सांगता येत नाही. आयुष्यभर मी कपाटभर पुस्तकं वाचली, प्रत्येक गोष्टीचं कारण शोधलं, युनियनच्या सभांत साहेबलोकांना कारणं विचारून घाम फोडला. या पोरापुढे मात्र माझी मती चालत नाही.

मागच्या महिन्यात पुण्याच्या एका संघाशी सामना होता. शून्य-शून्य. शेवटची काही मिनिटं. चेंडू उंचावरून त्याच्या मागून आला. त्याचं तोंड गोलाकडे, दोन बॅक त्याला चिकटलेले. बाळासो, त्याने चेंडू छातीवर घेतला नाही, पायावर घेतला नाही, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसता बाजूला झाला. चेंडू त्याच्या खांद्यावरून पुढे पडला, दोघे बॅक एकमेकांवर आदळले, आणि तोवर हा चेंडूपाशी पोचलेला होता, जणू तो तिथे पडणार हे त्याला सकाळीच कुणी सांगून ठेवलं होतं. गोल झाला. खरं सांगतो, चहावाल्याची किटली कलती ती कलतीच राहिली आणि चहा पेल्याबाहेर सांडत होता. पहिली टाळी वाजवली ती पुण्याच्याच एका बॅकने, जमिनीवर बसल्या बसल्या.

माझा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः गोलात उभा राहिलो. हस. पासष्ट वर्षांचा म्हातारा, तुझा जुना गोलकीपर, हातमोजेसुद्धा सुनेचे, भांडी घासायचे. त्याला म्हटलं, मार, दया करू नकोस. त्याने मारला. मी हललो नाही. हलायचं असतं हेच मला आठवलं नाही. कानाजवळून वारा गेला आणि मागे जाळी वाजली. तो धावत आला, आप्पा, लागलं न्हाई ना? मी म्हटलं, लागलं असतं तर बरं झालं असतं रे, निदान चेंडू दिसला तरी असता. असं मला या मैदानावर पूर्वी एकदाच झालं होतं. कुणाच्या चेंडूवर, ते तुला सांगायला नको.

आता बंगळुरूच्या एका क्लबाचं पत्र आलंय. त्यांना बिरदेव हवा आहे, याच महिन्यात. रक्कम आपल्या क्लबाने कधी पाहिली नाही इतकी आहे. तेवढ्यात मैदानाला कुंपण होईल आणि वर दिवेही लागतील. तरी क्लबातली पोरं पेटलीत. सेक्रेटरी सत्यजीत म्हणतो, कुंपण घालून आत काय शेरडं बांधायची का? पाच सामने थांबा, मग बघू. पण मग कोण बघतं? मोठे क्लब पाच सामने थांबत नाहीत, दुसरा पोरगा उचलतात. हे मला कळतं, सत्यजीतलाही कळतं. आणि तरी सगळे माझ्याकडे डोळे लावून बसलेत, कारण रविवारी सभा आहे आणि आप्पा बोलणार म्हणजे काय बोलणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शहाण्णव सालची ती सभा मी तीस वर्षं मिरवत आलो. गोव्याच्या क्लबाने तुला मागितलं होतं. आपली रीत तीच, खेळाडूला सोडायचं की नाही हे सभासदांनी हात वर करून ठरवायचं, आणि खेळाडूही सभासद, म्हणून त्याचाही हात. मी पाऊण तास बोललो. दौंडला इंजिन फिरतं, माणूस फिरत नाही! छत उडेल इतक्या टाळ्या पडल्या. मग विचारलं, बाळासोला इथंच ठेवायचं कोण म्हणतं? आणि पहिला हात तुझा वर गेला. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला माझा विजय समजलो.

त्यानंतर तुझं काहीच वाईट झालं नाही, हेच मला छळतं. तुझा पाय मोडला असता तर मी नशिबाला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. दोन हंगाम तू खेळलास, गोव्याहून पुन्हा पत्र आलं नाही, रांजणगावच्या कारखान्यात लागलास, घर बांधलंस. तुझ्या धनश्रीच्या लग्नात तू मला हाताला धरून व्याह्यांपुढे नेलंस आणि म्हणालास, ह्यांच्या भाषणामुळं मी हितं हाय. सगळे हसले. मीही हसलो, छाती फुगवून हसलो. त्या वाक्याकडे नीट बघायला मला चार वर्षं लागली. आणि ज्या इंजिनाच्या नावाने मी तुला थांबवलं, ते तरी कुठं राहिलं? आता कितीतरी गाड्या इंजिन फिरवायला दौंडात न थांबता बाहेरच्या बाहेर कॉर्ड लाइनीने निघून जातात.

परवा सरावानंतर बिरदेव बूट सोडत माझ्याशेजारी बसला. तुझी गोष्ट मीच त्याला सांगितली होती, एकदा नव्हे, दहादा; क्लबात येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो तशी. तो म्हणाला, आप्पा, तुमी म्हणशाल तसं. तुमी न्हाई म्हणला तर बाळासोमामासारखा माझाच हात पयला वर जाईल बघा. अगदी खुशीत म्हणाला. ज्या पोराला दोन बॅक रोखू शकत नाहीत, त्याला मी माझ्या जागेवरून न उठता रोखू शकतो. आयुष्यात मला माझ्या शब्दांची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

म्हणून रविवारी मी बोलणार नाही. त्याला सोडा असंही बोलणार नाही, कारण तेही शेवटी माझं भाषणच होईल आणि पोरगा पुन्हा माझ्याच टाळ्यांवर उठेल किंवा बसेल. त्याने कुणाचं बघायचं असेल तर ते तुझं बघावं. तुझी क्षमा मागायला शब्द जुळवले होते, पण माझे शब्द तुला एकदा पुरेसे महाग पडलेत. तू आजीव सभासद आहेस, तुझं नाव यादीत अजून आहे. मी स्वतः पाहून आलो. रविवारी सकाळी न्हावऱ्यावरून येणारी एसटी धर. दहा वाजता रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये ये, बिरदेवच्या शेजारच्या खुर्चीवर बस, आणि या पोराला जाऊ द्यावं असं कोण म्हणतं, हे विचारतील तेव्हा पहिला हात तू वर कर.

तुझाच,
आनंदराव