नारिंगी बटण आणि दहा सेकंद

३ मार्च, मंगळवार

आज स्वतःच्या तोंडाला स्वतःच काळं फासलं. तेही हाताने नाही — गुडघ्याने!

सकाळची तिसरी खेप. दगड भरून खाणीतून वर क्रशरकडे निघालो होतो. वळणाच्या अलीकडे कंट्रोल रूममधून वहिनींनी वायरलेस सेटवर थांबवलं. वरून पाण्याचा टँकर उतरत होता. भरलेला डंपर चढावर थोपवून धरायचा म्हणजे माझ्या गुडघ्यांचा जीव जातो. डावा पाय उचलून गुडघा चोळला आणि डोकं फिरलं. केबिनमध्ये एकटाच, म्हणून तोंड मोकळं सोडलं — "नवरा मेला म्हणून खुर्ची मिळाली हिला. नाहीतर विचारलं असतं कोणी? आयती येऊन बसलीय आणि आम्हाला थांबवतेय."

बोलून होतंय तोच सेट बीप बीप करायला लागला. स्क्रीनवर लाल अक्षरं. नवीन सेटचं नारिंगी बटण स्टिअरिंगखाली बसवलंय, डाव्या गुडघ्याच्या अगदी समोर. ते दाबलं गेलं की माईक हातात न घेताही दहा सेकंद आपोआप उघडा राहतो. सेट बसवले तेव्हाच्या शिकवणीतलं एवढं एकच वाक्य लक्षात आहे. बाकी वेळ मी मागच्या बाकावर डुलक्या काढत होतो.

मग सगळ्यांच्या चॅनेलवर वहिनींचा आवाज. "बारा नंबर, तुमची इमर्जन्सी आली आहे. ठीक आहात का?"

"चुकून गुडघा लागला," म्हणालो.

"बरं. बंद करते."

एरवी कामाचं बोलल्या तरी शेवटी "भाऊजी" असतंच. आज नव्हतं.

आमच्या एकवीस गाड्या आहेत. सगळ्यांनी ऐकलं.

४ मार्च

कँटीनमध्ये पाय टाकला आणि हशा पिकला. जेसीबीवाला — ज्याला आम्ही सगळे भोपू म्हणतो — म्हणाला, "काय बारा नंबर, गुडघ्याने मदत मागितली म्हणे?" पुन्हा हशा. खरं काय ते कोणी बोललं नाही. गुडघ्याचं निमित्त करून हसत होते. मला कळत नाही का?

चहा तसाच ठेवून उठलो. मान वर करवत नव्हती.

५ मार्च

लिहून टाकतो, म्हणजे स्वतःशी तरी खोटं नको.

ती खुर्ची मला हवी होती. वहिनींचा नवरा माझा जिवलग. एकोणीस वर्षं तो कंट्रोलमध्ये आणि मी गाडीवर. आवाजावरून ओळखायचा मी जेवलो की नाही. तो आजारी पडला तेव्हा मी रोज दवाखान्यात जायचो, आणि त्याच काळात ऑफिसात माझा अर्जही दिला होता. गुडघ्यांचं कारण लिहून. तो जिवंत असताना! हे बायकोलाही माहीत नाही. शेवटी खुर्ची वहिनींना मिळाली आणि तेच योग्य होतं. दोन महिन्यांत त्या सगळं शिकल्या. मी मात्र आतल्या आत धुमसत राहिलो.

दुपारी जेवून गाडीत आलो तर सेट टिकटिकत होता. स्क्रीनवर — कंट्रोलने बोलावलं आहे. याला कॉल अलर्ट म्हणतात. गाडीवर कोणी नसलं की निरोप थांबून राहतो. माणूस परत आला की बटण दाबून कंट्रोलशी बोलतो. मी आवाज बंद केला आणि गाडी काढली.

६ मार्च

पुन्हा कॉल अलर्ट. दोनदा. खडसावायलाच बोलावत असणार, आणि तेही सगळ्यांसमोर. नाही दिलं उत्तर.

७ मार्च

औषधाच्या बाटलीचं झाकण त्या नारिंगी बटणावर उलटं बसवलं, वरून काळी चिकटपट्टी. चार फेरे. आता गुडघा नाही, हत्ती लागला तरी दाबलं जायचं नाही.

बायको म्हणाली, "आठवडाभर तोंड पाडून का बसलाय?" म्हणालो, गुडघे दुखतात. म्हणाली, "गुडघे दुखल्यावर माणूस पायाकडे बघतो, भिंतीकडे नाही." हिच्यापुढे काही लपत नाही. पण सांगवलंही नाही. हिचं आणि वहिनींचं बहिणीसारखं आहे.

९ मार्च

अलर्ट. एकदाच. बंद केला.

११ मार्च, बुधवार

बोटांना पट्ट्या आहेत. अक्षर वाकडंतिकडं येतंय.

शेवटची खेप, गाडी काठोकाठ भरलेली. वळणाच्या वर चढाव आहे तिथे इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे सरकायला लागली. ब्रेक दाबला, पूर्ण धरेना. आरशात बघतो तर मागे सतरा नंबर, त्याच्या मागे वळणावर दगड फोडणारी माणसं. माईक खाली पडून लोंबकळत होता. तेव्हा बटण आठवलं — आणि वर माझीच चिकटपट्टी! चार फेरे! नखं तुटेस्तोवर ओरबाडली. झाकण निघालं, बटण दाबलं.

दहा सेकंदांत काय बोललो? "आई गं… मेलो… वाचवा." आणि रडलो. मोठ्याने. बावन्न वर्षांचा घोडा!

मग वहिनींचा आवाज. जरासुद्धा चढलेला नाही. कंट्रोलच्या खिडकीतून हा चढाव सरळ दिसतो. "सतरा, मागे घ्या, डावीकडे थांबा. वळणावरच्या माणसांना वर काढा. बारा नंबर, आरशात डोंगर दिसतोय ना? मागचा भाग डोंगराकडे जाऊ द्या. मातीत टेकू द्या. ब्रेक सोडू नका. घाबरू नका, भाऊजी."

मी तेवढंच केलं. मागची चाकं मातीच्या ढिगात रुतली, गाडी थांबली. कोणाला खरचटलंही नाही.

भाऊजी म्हणाल्या.

१२ मार्च

नवल आहे. कँटीनमध्ये सगळ्यांनी पाठ थोपटली. "डोकं शांत ठेवलंस बुवा," भोपू म्हणाला. मी आईच्या नावाने रडलो त्याबद्दल चकार शब्द नाही. माणसं तशी वाईट नाहीत. मरता मरता वाचलेल्याची थट्टा करत नाहीत.

पण मग माझीच लाज दुप्पट वाटायला लागली. जिला आयती म्हणालो तिनेच जीव वाचवला. आता गप्प बसलो तर माणूस म्हणवून घ्यायला नको. जे सगळ्यांसमोर बोललो त्याची माफीही सगळ्यांसमोरच मागायची. उद्या, सकाळच्या हजेरीला. तेव्हा सगळे चॅनेलवर असतात.

१३ मार्च

मागितली!

कागदावर लिहून नेलं होतं. हजेरी संपल्या संपल्या माईक घेतला आणि एका दमात बोललो — "बारा नंबर बोलतोय. मी त्या दिवशी म्हणालो होतो की नवरा मेला म्हणून वहिनींना खुर्ची मिळाली, त्या आयत्या बसल्यात. ते चूक होतं. परवा त्यांनीच मला वाचवलं. सगळ्यांच्या साक्षीने माफी मागतो."

 मग वहिनी — "बारा नंबर, चॅनेल कामासाठी मोकळा ठेवा."

आवाज जरा बसलेला वाटला. भरून आलं असेल. दहा दिवसांनी आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

भोपू मात्र नाटकी. डोळे मोठे करून म्हणतो, "तू असं बोलला होतास?" जसं काही माहीतच नाही! म्हटलं, जाऊ दे, आता कशाला साळसूदपणा.

१४ मार्च, शनिवार

काहीतरी बिनसलंय.

आज दोन नवे ड्रायव्हर चॅनेलवर वहिनींना "खुर्चीबाई" म्हणाले. एक म्हणाला, "खुर्चीबाई, येऊ का वर?" आणि मागे कोणीतरी खिदळलं. अकरा दिवस गप्प होते आणि माफीनंतर हे! वहिनींनी शांतपणे गाड्या सोडल्या. दुपारी मुकादम सांगत होता, वहिनींनी खुर्ची सोडायचा अर्ज दिलाय. खाली वजनकाट्यावर पावत्या फाडायला बसते म्हणाल्या.

मी कंट्रोलच्या जिन्यापर्यंत गेलो. चार पायऱ्या चढलो. वर त्यांच्या डब्याचं झाकण वाजलं आणि मी परत फिरलो.

तोंडावर बोलायची हिंमत नाही. निदान कॉल अलर्ट तरी पाठवावा. मला बोलायचं आहे, एवढं त्यांना कळेल. पण तो पाठवतात कसा? मला फक्त बंद करता येतो. सेटसोबत मिळालेलं पुस्तक कपाटाच्या डगमगत्या पायाखाली घातलंय. उद्या काढतो.

१५ मार्च, रविवार

बायकोने कपाट उचलून धरलं, मी पुस्तक ओढून काढलं.

पान अकरा — कॉल अलर्टला उत्तर दिल्यास संभाषण फक्त त्या दोघांतच होते.

पान चौदा — आणीबाणीचे बटण दाबल्यावर दहा सेकंद जाणारा आवाज फक्त नियंत्रण कक्षात ऐकू येतो. इतर वाहनांवर जात नाही.

तीनदा वाचलं. मग बायकोला मोठ्याने वाचायला लावलं. तेच.

म्हणजे माझं रडणं एकट्या वहिनींनी ऐकलं. ३ तारखेचं बोलणंही एकट्या वहिनींनीच. आणि कोणाला काही सांगितलं नाही त्यांनी.

बाकी वीस गाड्यांना सांगितलं ते मी.