‘बॉबिन’च्या दारावरचं नाव

सोमवार, २ नोव्हेंबर
किटलीचं झाकण हरवलं आणि ते जावयानंच हरवलं, हे आधी लिहून ठेवते. टेरीच्या हातात सामान देणं म्हणजे ते कालव्यात टाकणं. आता बाकीचं. नवं घर छान आहे. तळमजला, जिना नाही, गरम पाणी सोडलं की येतं. खिडकीतून टेंटर स्ट्रीट दिसते. बघण्यासारखं काही नाही, पण कोण कुणाकडे जातं ते कळतं. जुनं घर टेरीनंच विकायला लावलं. म्हणाला, डोरीन, तुम्हाला आता जिने झेपत नाहीत. जिने झेपत होते. त्याला मी झेपत नव्हते.
वही नातीनं दिली. जोडी म्हणाली, आजी, दिवसभर जे लोकांना ऐकवतेस ते यात लिही, लोकांना तेवढाच आराम. कार्टी माझ्यावर गेलीय.

गुरुवार, ५ नोव्हेंबर
पाच नोव्हेंबर, म्हणून बाहेर दरवर्षीच्या शेकोट्या, फटाके. वरच्या मजल्यावरचा म्हातारा हॅल्शॉ वाडगाभर काळे वाटाणे घेऊन आला, व्हिनेगर मारून. वाटाणे कच्चे, गप्पा शिजलेल्या. म्हणाला, ही इमारत उठली त्या जागी ‘बॉबिन’ होता, गल्लीतला पब. माझा पलंग आहे तिथं डार्ट खेळायचे.
पहिला मालक सायलस हार्डमन. गिऱ्हाइकांना फेस द्यायचा, बायकोला मार. तो गेला तेव्हा विधवा मार्थाचं नाव दारावर चढलं. ती त्याच्याहून खाष्ट. मग मुलगा विल्फ. दारावरच्या फळीवर मालकाचं नाव हवं, कायदाच होता. जुनं खरवडायचं, त्याच दिवशी घरातल्याच कुणाचं तरी नवं रंगवायचं. तिघंही तळघराच्या पायऱ्यांवर मेली.
शेवटचा विल्फचा पुतण्या, सिरिल. ना बायको, ना पोर. पब बंद करायचा हुकूम आला तेव्हा हा भरदुपारी मागच्या दारानं पळाला. माणसं ग्लास धरून बसलेली. पब बंद करताना मालकानं मारायची घंटा यानं मारली नाही, वेळ झाली अशी हाळी दिली नाही. हॅल्शॉ हे सांगताना अजून चिडतो. बरोबर आहे. माझी आई एप्रनवर पबात येऊन ओरडायची, तरी बाप मालकाच्या हाळीशिवाय स्टुलावरून उठायचा नाही.

शनिवार, ७ नोव्हेंबर
टेरीनं गृहप्रवेशाची भेट आणली. एक जुनी फळी, घासून गुळगुळीत केलेली, वर सोनेरी अक्षरांत: डोरीन एंटविसल, बिअर, वाइन व तंबाखू विकण्यास परवाना. स्वतःच ठोकली दाराच्या वर. मान्य करते, हसले. फळी नवी चढली की मालकानं उंबऱ्यावर बिअर ओतायची असते, म्हणून काळ्या बिअरची बाटली ओतली आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडले, या रे, पहिला ग्लास मालकिणीकडून! रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. जोडीनं फोटो काढला.

मंगळवार, १० नोव्हेंबर
टेबलावर ग्लासांचे ओले गोल. पुसले. अकरा वाजून गेल्यावर परत उमटले. खोलीत बिअरचा आणि भिजलेल्या कोटांचा वास. प्लंबर येऊन गेला. पाइप कोरडे आहेत म्हणाला आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच पिऊन बसलेय.

गुरुवार, १२ नोव्हेंबर
पुढच्या खोलीत कुणीतरी खोकलं. गेले तर खुर्च्या रिकाम्या. हात लावला. गरम. स्वयंपाकघरात वळते तोच मागून आवाज, अगदी शांत: मालकीणबाई, तेच परत भरा.

रविवार, १५ नोव्हेंबर
हॅल्शॉनं फळी बघितली आणि भिंतीला टेकला. ती ‘बॉबिन’चीच. त्यानं कोळशाच्या खोपटात भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. टेरीनं न विचारता उचलली. हॅल्शॉ म्हणाला, हे नाव दुसरं चढल्याशिवाय उतरत नाही, आणि दुसरं तुझ्याच घरातलं लागणार.
टेरीला बोलावून फळी उचकटायला लावली. दात काढत म्हणाला, डोरीन, परवाना रद्द.

सोमवार, १६ नोव्हेंबर
फळी नाही. दाराच्या वरच्या विटांवर माझं नाव आहे. सोनेरी. घासून बोटं सोलली.

गुरुवार, १९ नोव्हेंबर
जोडी आली. मी चहा गाळत होते, ती सिंकपाशी ग्लास धुवत होती. कानाचे, जाड. माझ्याकडं तसला एक नाही. विचारलं तर म्हणाली, इथंच पडले होते की, आजी. तेवढ्यात पुढून हाक आली, धाकट्या मालकीणबाई! आणि पोरगी हात पुसत म्हणाली, आले!
तिला कोटासकट बाहेर ढकललं. इथं परत येऊ नकोस म्हटलं. रडत गेली. रडू दे.

शनिवार, २१ नोव्हेंबर
माझ्या नावाखाली नवं अक्षर. ‘जो’. ओलं.
हॅल्शॉ दाराबाहेरूनच बोलला. सिरिलनं जे केलं नाही ते कुणीतरी करायला हवं. घंटा मारायची, हाळी द्यायची, सगळी गेली की मालकानं एकट्यानं तळघरात उतरून बिअरच्या पिंपांचे नळ बंद करायचे. मग पब संपतो. मी म्हटलं, इथं तळघर कुठाय, खाली काँक्रीट आहे.

रविवार, २२ नोव्हेंबर
ओट्याशेजारी फरशी उघडलीय. पायऱ्या. खालून गार हवा —
जोडीचा फोन. आजी, तू आजारी आहेस, चारच्या बसनं येतेय. नको म्हटलं, शिव्या दिल्या. ऐकत नाही. माझ्यावर गेलीय.
विटांवर आता ‘जोडी’. आडनाव राहिलंय.
घंटा नव्हती. तवा बडवला. वेळ झाली म्हणून ओरडले, बाप ऐकेल इतकं. ग्लास खाली ठेवल्याचे आवाज. टोप्या चढल्या. एकेक जण — दार — शेवटच्यानं विचारलं, नळ कोण बंद करणार? धाकटी?
मी म्हटलं, मी.
बस वळली, खिडकीतून दिसतेय. जाते. पायऱ्या आहेत. झेपतात मला, टेरीला सांगा.
जोडी, स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस. खालून हाक आली, माझ्या आवाजात आली, तरी ओ देऊ नकोस. टेरीला देऊ दे. फळी त्यानं ला—